अमेरिकेतल्या पीए कोर्सची मुलाखत: घरून तयारी करून घेताना नक्की काय शिकवायचं?



मुलाखतीची तयारी करून घेण्याचा व्यवसाय घरातून कसा सुरू करायचा, हा व्हिडिओ केला तेव्हापासून एक प्रश्न परत परत येतोय. "सर, मी बँकेच्या आणि एमबीएच्या मुलाखतींची तयारी घेते. अमेरिकेतल्या ओळखीच्या कुटुंबातली मुलगी पीए कोर्ससाठी मुलाखत देणार आहे, तिची तयारी घ्याल का म्हणतायत. घेऊ का हे काम?"

ताई, घ्या की. पण त्याआधी ही मुलाखत कशासाठी असते ते नीट समजून घ्या. बँकेच्या मुलाखतीचा साचा इथे लावलात तर त्या मुलीचं एक वर्ष जाऊ शकतं. आणि परदेशातली मराठी मंडळी एकमेकांना धरून असतात, त्यामुळे तुमचं नाव जसं पटकन पसरतं तसंच पटकन खराबही होतं.

आधी पीए म्हणजे कोण ते बघू

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. 'असिस्टंट' ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर दवाखान्यातला कंपाउंडर येतो. तो आधी पुसून टाका. अमेरिकेत पीए रुग्ण तपासतो, निदान करतो, औषधं लिहून देतो, ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हाताखाली उभा राहतो. हे सगळं डॉक्टरांच्या जोडीनं चालतं, आणि डॉक्टरांची देखरेख किती असावी ते त्या त्या राज्याचा कायदा ठरवतो. २०२१ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं पेशाचं नाव 'फिजिशियन असोसिएट' करायचं ठरवलं, त्यामुळे दोन्ही नावं वाचायला मिळतील. गोंधळू नका.

या पेशाची सुरुवात १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी केली. पहिल्या वर्गात चौघे होते, चौघेही नौदलात रुग्णसेवेचं काम करून आलेले. म्हणजे ज्यांनी आजारी माणसाला प्रत्यक्ष हात लावलाय त्यांना पुढचं शिक्षण द्यायचं, हा विचार पहिल्या दिवसापासूनचा आहे. आजही बहुतेक कॉलेजं अर्ज करणाऱ्याकडे रुग्णसेवेचा अनुभव बघतात, आणि तो तासांत मोजतात. काही ठिकाणी ५०० तास, अनेक ठिकाणी १००० किंवा त्याहून जास्त. मुलं ते तास मेडिकल असिस्टंट म्हणून, रुग्णवाहिकेवर किंवा वृद्धाश्रमात नर्सिंग असिस्टंट म्हणून भरतात.

कोर्स पदवीनंतरचा, मास्टर्सचा, साधारण २७ महिन्यांचा. अर्ज 'कॅस्पा' नावाच्या एकाच ऑनलाइन सेवेतून अनेक कॉलेजांना जातो.

एक इशारा इथेच देतो, कारण यात पैसे घेऊन चुकीचा सल्ला देणारे भरपूर आहेत. उद्या नाशिकहून कोणी विचारेल, "माझं इथलं पीएचं शिक्षण झालंय" किंवा "मी एमबीबीएस आहे, तिकडे थेट पीए होता येईल का?" नाही होता येत. तिथली परवान्यासाठीची 'पॅन्स' परीक्षा द्यायची तर तिथल्या मान्यताप्राप्त कोर्समधूनच उत्तीर्ण व्हावं लागतं. हे पहिल्या फोनवरच सांगून टाका. एक गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या.

बोलावणं आलं म्हणजे मार्कांचा विषय संपत आला

आपल्याकडे मुलाखत म्हटलं की ज्ञानाची परीक्षा वाटते. इथे तसं नाही. बोलावणं येईपर्यंत मार्क, तास, शिफारसपत्रं आणि निबंध हे सगळं त्यांनी वाचलेलं असतं. कागदावर ती मुलगी पास आहे. आता समोर बसलेल्यांना बघायचं असतं ते हे: उद्या ही रात्री दोन वाजता रुग्णाजवळ एकटी असेल, तेव्हा स्वतःला काय जमतं आणि कुठे थांबून डॉक्टरांना हाक मारायची, हे हिला कळेल का?

माझ्या मते सगळी तयारी या एका गोष्टीभोवती हवी. "स्वतःबद्दल सांगा", "टीममध्ये भांडण झालं तेव्हा काय केलं", "एखादी चूक सांगा" हे वेगवेगळे प्रश्न वाटतात, पण बहुतेकांतून हेच तपासलं जातं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो, "पीए का? डॉक्टर का नाही? नर्स प्रॅक्टिशनर का नाही?"

बहुतेक मुलं म्हणतात, "डॉक्टर व्हायला फार वर्षं लागतात." खोटं नाहीये ते. मेडिकल कॉलेजची चार वर्षं, वर रेसिडेन्सीची किमान तीन. पण एवढंच बोललं तर ऐकणाऱ्याला वाटतं की हिला व्हायचं होतं डॉक्टर, जमलं नाही म्हणून इकडे आली. दुसरं उत्तर आपल्या घरांमधलं खास: "आईबाबांची इच्छा आहे." हे तर नकोच.

चांगलं उत्तर तिच्या तासांतूनच निघतं, म्हणून ते तुम्ही लिहून देऊ शकत नाही. तुम्ही फक्त खणू शकता. "क्लिनिकमध्ये पीए काम करताना बघितलीस का? कुठला दिवस आठवतो? ती डॉक्टरांना कधी विचारायची, कधी स्वतः ठरवायची? तुला त्यातलं काय आवडलं?" असं अर्धा तास विचारत राहा. मग एखादी मुलगी सांगते की तिच्या क्लिनिकमधली पीए मधुमेहाच्या आजोबांना दर भेटीत पुरेसा वेळ द्यायची, आणि पायाची जखम वेगळी दिसली तेव्हा क्षणभरही न थांबता डॉक्टरांना बोलावून आणलं. "मला ते काम करायचंय." झालं, हे तिचं उत्तर. पीएला पुन्हा रेसिडेन्सी न करता एका विभागातून दुसऱ्यात जाता येतं, हा मुद्दा त्याच्या मागे जोडायला हरकत नाही. पण मागे, पुढे नाही.

नर्स प्रॅक्टिशनरबद्दल एवढं पुरे: त्या वाटेला आधी नर्स व्हावं लागतं आणि शिक्षणाचा पाया नर्सिंगचा असतो, पीएचं शिक्षण डॉक्टरांच्या धर्तीवर असतं. दुसऱ्या पेशाला कमी लेखणारं एकही वाक्य नको. समोर बसलेल्यांपैकी कोणी नर्स असू शकतं.

आठ मिनिटांची खोली

काही कॉलेजं एमएमआय पद्धत वापरतात. ही कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तयार झाली. ओळीनं छोटी छोटी स्टेशनं असतात. दाराबाहेर एक प्रसंग लिहिलेला, तो वाचायला साधारण दोन मिनिटं, मग आत जाऊन सहा ते आठ मिनिटं बोलायचं. वेळ झाली की पुढची खोली, नवा परीक्षक.

प्रसंग कसे असतात? समजा, "तुम्ही मेडिकल असिस्टंट आहात. सहकारी रक्तदाब न मोजताच कागदावर आकडा लिहितो, हे तुम्ही बघितलं. काय कराल?" आपली मुलं एकदम "मी वरिष्ठांकडे तक्रार करीन" म्हणून मोकळी होतात आणि उरलेली सात मिनिटं गप्प. त्या सात मिनिटांचाच सराव घ्यायचा असतो. आधी रुग्ण: त्याचा रक्तदाब आत्ता परत मोजायला हवा. मग सहकारी: त्याच्याशी एकट्यात बोलायचं, खरंच तसं झालंय का हे विचारायचं. मग चुकीचा आकडा डॉक्टरांपर्यंत गेला असेल तर तो दुरुस्त कसा होणार. आणि तक्रार कधी अटळ होते. इथे विचाराचा क्रम ऐकला जातो. सरावाला स्वयंपाकघरातला टायमर लावा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि तिला तिचंच ऐकवा. तुमच्या दहा सूचनांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

रुग्णाची गोष्ट सांगताना नाव, गाव, ओळख पटेल असं काहीही नको. १९९६ च्या हिपा कायद्यामुळे तिथे रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दल फार कडक वातावरण आहे. सरावातच नाव निघालं तर तिथल्या तिथे थांबवा.

आणखी एक, त्या दिवशी कॉलेजची जुनी मुलं पाहुण्यांना फिरवायला असतात. त्यांच्याशी बोलताना मुली सैल सुटतात. त्या मुलांचं मतही विचारलं जाऊ शकतं, त्यामुळे मुलाखत जेवणाच्या टेबलावरही चालू आहे असं समजायचं.

तुम्ही विकताय काय?

न्यू जर्सीत वाढलेल्या मुलीचं इंग्रजी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं असतं. तिचे उच्चार सुधारायला जाऊ नका, हसं होईल. तुमच्याकडे आहे ते वेगळं: तिचं शांतपणे ऐकून घेणारं, तिच्या घरातलं वातावरण कळणारं आणि तोंडावर खरं सांगणारं माणूस. पैसे त्याचे घ्या.

उत्तरं पाठ करून देऊ नका. आणि निबंध लिहून देण्याचं काम तर कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नका. कॅस्पावर अर्ज करताना निबंध स्वतःचाच आहे असं तिला लिहून द्यावं लागतं. म्हणजे तुमच्या दोन पैशांसाठी ती खोटी सही करणार. शिवाय निबंधातल्या ओळीवरून प्रश्न आला की परक्याचं लिखाण लगेच उघडं पडतं.

जाहिरातीत 'शंभर टक्के प्रवेश' नको. 'चार सत्रं, दोन रेकॉर्ड केलेल्या सराव मुलाखती, लेखी अभिप्राय' असं लिहा. जे तुमच्या हातात आहे तेवढंच.

सत्रं लवकर ठेवा. अनेक कॉलेजं जसे अर्ज येतील तशी मुलाखतीला बोलावतात आणि जागा भरत जातात. वेळ ठरवताना संध्याकाळी साडेसात सोयीचे पडतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात. कॅलिफोर्नियासाठी आपल्याला सकाळ धरावी लागते, आपले साडेसात म्हणजे तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ, सात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, आपली नाही. त्या आठवड्यातल्या सत्रांची वेळ दोन्ही देशांच्या घड्याळाप्रमाणे लिहून आधीच व्हॉट्सॲप करून ठेवा.