मनाच्या आजारावर गोळी घ्यावी का?

मैत्रिणींनो, बैठक संपली, वह्या मिटल्या की एखादी ताई मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "डॉक्टरांनी मनाची गोळी लिहून दिलीय, घेऊ का?" बीपीच्या गोळीबद्दल असं कुणी दबकून विचारत नाही.

घरचं माणूस गेलं, उभं सोयाबीन पाण्यात गेलं, तर रडू येणारच. ते दुःख आहे, त्याला गोळी लागतेच असं नाही. पण दोन आठवड्यांच्या वर रोज, जवळजवळ दिवसभर मन उदास आहे, झोप नाही, घास उतरत नाही, चूल पेटवायलाही उठवत नाही, असं असेल तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. आजार सौम्य असेल तर आधी समुपदेशन करून पाहतात. रोजची कामंच थांबली असतील तर गोळीचा उपयोग होतो, आणि सोबत समुपदेशन असलं तर जास्त चांगलं. कानात आवाज येणं, विनाकारण संशय येणं, अशा आजारात मात्र बहुतेक वेळा औषध लागतंच. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी असाच थकवा, अशीच उदासी येते. म्हणून रक्ताची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. नवरा पिऊन मारतो म्हणून झोप येत नसेल, तर गोळीने मार थांबणार नाही. औषध लागलं तर घ्या, पण १८१ या महिला हेल्पलाइनवर फोनही करा.

आता खरी अडचण. नैराश्याच्या गोळीचा त्रास आधी होतो आणि गुण नंतर येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं दुखणं, पोट बिघडणं असं होऊ शकतं. हा त्रास बहुतेकींचा हळूहळू कमी होतो. गुण दिसायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मग आठव्या दिवशी "काही फरक नाही, उलट त्रासच" म्हणून पाकीट कोनाड्यात जातं. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा: झोप किती, जेवण किती, काम झालं का. महिन्याने तेच कॅलेंडर डॉक्टरांना दाखवा. गोळी चालू ठेवायची, मात्रा बदलायची की दुसरी घ्यायची, हे त्यावरून दोघींनी किंवा दोघांनी बसून ठरवता येतं.

बरं वाटलं म्हणून लगेच बंद करू नका. साधारण सहा महिने किंवा जास्त घ्यावी लागते आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी होते, आजारही उलटतो. "सवय लागेल" ही भीती सगळ्यांना असते. नैराश्याच्या गोळीची दारूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते, त्या दुकानातून मनाने आणू नका. सासूबाईंना अंगारा लावायचा असेल तर लावू द्या, भांडण नको, पण गोळी चुकवू नका.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, काढेसुद्धा. दिवस गेले असतील, अंगावर पाजत असाल तर आधी सांगा. आजाराचं नाव काय, गोळी किती महिने, कोणता त्रास झाला तर लगेच यायचं, हे विचारा. विचारायला संकोच वाटत असेल तर गटातली एक सखी सोबत न्या.

मरणाचे विचार येत असतील तर महिनाभर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. गोळी सुरू केल्यावर, विशेषतः तरुण मुलींमध्ये, असे विचार वाढले तरीही लगेच डॉक्टरांना कळवायचं. अशा वेळी तिला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.