बंदिवासातील स्मृतिचिन्हे

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, सनदा आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु युद्धकैद्यांनी हातांनी घडविलेल्या लहानसहान वस्तूही इतिहासाचे बोलके साधन होत.

इंग्लंडमधील नॉर्मन क्रॉसची छावणी याबाबत प्रसिद्ध आहे. फ्रान्सशी झालेल्या युद्धांतील कैदी १७९७ ते १८१४ या काळात तेथे ठेवले जात. शिध्यातील मांसाची हाडे साफ करून ते जहाजांच्या प्रतिकृती करीत. रंगीत गवतकाड्यांनी पेट्या मढवीत. छावणीच्या दाराशी या वस्तू विकून त्यांना चार पैसे मिळत. यांपैकी पुष्कळ वस्तू पीटरबरोच्या संग्रहालयात आहेत.

महाराष्ट्राचाही या विषयाशी संबंध येतो. दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ या काळात इंग्रज आणि बोअर, म्हणजे तेथे स्थायिक झालेले मुख्यतः डच वंशाचे शेतकरी, यांच्यात युद्ध झाले. पकडलेले बोअर सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थान येथे पाठविण्यात आले. हिंदुस्थानात आलेल्या सुमारे नऊ हजारांपैकी काहींना अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) किल्ल्यात ठेवले होते. बोअरांच्या या निरनिराळ्या छावण्यांत लाकूड, हाड व शिंग यांपासून डब्या, पाईप, काठ्या घडविल्या गेल्या. साध्या चाकूवर काम भागवावे लागे. अनेक वस्तूंवर कैद्याचे नाव, छावणी आणि वर्ष कोरलेले आढळते.

हे कोरीव नाव महत्त्वाचे आहे. सरकारी नोंदवहीत कैदी हा एक क्रमांक असतो. वस्तूवर मात्र तो स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव लिहितो. शिवाय पहारेकरीच पुष्कळदा गिऱ्हाईक होई. त्या व्यवहारापुरते तरी कैदी आणि पहारेकरी हे कारागीर आणि ग्राहक होत.

याच बोअरांचे एक सेनानी जनरल स्मट्स पुढे दक्षिण आफ्रिकेत मंत्री झाले. त्यांच्या सरकारने सत्याग्रही गांधीजींना तुरुंगात घातले. गांधीजी युद्धकैदी नव्हते; परंतु तुरुंगात त्यांनी चपलांचा जोड तयार केला आणि १९१४ मध्ये तो स्मट्स यांनाच भेट दिला. स्मट्स यांनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, आदराने परत केला.

तेव्हा आपल्या अजबबंगल्यात किंवा कोठल्याही संग्रहालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याने वस्तू कोणत्या काळातील, एवढेच पाहून पुढे जाऊ नये. ती कोणत्या स्थितीत आणि कोणासाठी घडविली गेली, हेही विचारावे.