पाऊल मुरगळले, एक्स-रे ‘नॉर्मल’ आला. मग एमआरआय कधी करावा?

जिन्याची पायरी चुकते, गटाराच्या फुटक्या झाकणात पाऊल अडकते, माळ्याच्या शिडीवरून उतरताना तोल जातो, नाहीतर कामावर पावलावर गोणी पडते. पाऊल सुजते. दवाखान्यात झोपवून एक्स-रे काढतात. “हाड मोडलेले नाही, मुका मार आहे,” असे सांगून गोळ्या देतात. तीन-चार दिवसांनी माणूस लंगडत कामावर जातो, कारण खाडा परवडत नाही. बहुतेकांचे पाऊल बरे होते. पण काहींचे होत नाही आणि ती लंगड कायमची मागे लागते. उलट काही जण घाबरून पहिल्याच दिवशी एमआरआय करतात आणि महिन्याच्या किराण्याचे पैसे त्यात जातात. या दोन्ही चुका टाळता येतात.

पावलाच्या मध्यभागी काय असते?

टाच आणि चवडा यांच्यामध्ये पावलाची कमान असते. तिथे पाच छोटी हाडे असतात. बोटांकडे जाणारी पाच लांब हाडे त्यांना जोडलेली असतात. ही सगळी हाडे चिवट दोऱ्यांसारख्या अस्थिबंधांनी बांधलेली असतात. या सांध्याला नेपोलियनच्या काळातील फ्रेंच शल्यचिकित्सक लिस्फ्रांक यांचे नाव आहे. रिकिबीत पाय अडकून घोड्यावरून पडणाऱ्या सैनिकांना तेव्हा ही दुखापत होत असे. आज ती मोटारसायकलवरून पडून, खड्ड्यात पाय अडकून किंवा खेळताना होते.

अस्थिबंध तुटला तरी हाड शाबूत असू शकते आणि एक्स-रेमध्ये हाडच दिसते, अस्थिबंध दिसत नाही. झोपून काढलेल्या एक्स-रेत पावलावर वजन नसते, त्यामुळे सुटलेली हाडे जागेवरच असल्यासारखी दिसतात. या सांध्याच्या साधारण पाचपैकी एक दुखापत पहिल्या तपासणीत सुटते, असे डॉक्टर मानतात.

कोणत्या खुणांवरून शंका घ्यावी?

- तळपायाच्या मधोमध काळा-निळा डाग दिसणे. ही फार महत्त्वाची खूण आहे.
- मार बसल्यानंतर चार पावलेही टाकता न येणे.
- चवड्यावर उभे राहिल्यावर किंवा जिना उतरताना कमानीत कळ येणे.
- पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध दाबल्यावर दुखणे.
- आठवडा झाला तरी सूज आणि दुखणे कमी न होणे.

यातली एक जरी खूण असली तरी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. घरी पावलाला तेल लावून रगडू नका आणि हाडवैद्याकडून ओढून-ताणून घेऊ नका. पाऊल उशीवर उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा आणि त्या पायावर वजन देऊ नका.

आधी उभे राहून एक्स-रे

डॉक्टरांना विचारा, “उभे राहून, दोन्ही पावलांचा एक्स-रे काढता येईल का?” वजन पडल्यावर हाडांमधली फट उघडी पडते आणि दुसऱ्या पावलाशी तुलना करता येते. पहिल्या दिवशी दुखण्यामुळे उभे राहता येत नसेल, तर पाऊल प्लास्टरमध्ये किंवा बुटात ठेवून एक-दोन आठवड्यांनी हा एक्स-रे काढतात. एमआरआयच्या तुलनेत त्याचा खर्च फार थोडा असतो.

एमआरआय केव्हा उपयोगी?

१. उभे राहून काढलेला एक्स-रे ठीक किंवा संशयास्पद आहे, पण वरच्या खुणा कायम आहेत. अस्थिबंध ताणला आहे की तुटला आहे, हे एमआरआयमध्ये दिसते. त्यावर साधारण सहा आठवड्यांचे प्लास्टर पुरेल की शस्त्रक्रिया लागेल, हे ठरवायला मदत होते.

२. मार लागलेला नाही, पण पोलीस भरतीसाठी रोज धावणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या पावलाच्या वरच्या बाजूला दुखते. धावल्यावर वाढते, विश्रांतीने थांबते. ही हाडाची बारीक चीर असू शकते. सुरुवातीला ती एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. दुखणे अंगावर काढून सराव चालू ठेवला, तर चीर वाढते.

३. मधुमेह असलेल्या माणसाचे एक पाऊल लाल, गरम आणि सुजलेले आहे, पण फारसे दुखत नाही. नसा बधिर झाल्यामुळे हाडे आतून खचत असतानाही कळत नाही. इथे एमआरआयची वाट न पाहता त्याच दिवसापासून त्या पायावर चालणे बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

केव्हा गरज नसते?

दुखणे रोज कमी होत असेल आणि चालता येत असेल, तर थांबा. एक्स-रेतच हाड सरकलेले स्पष्ट दिसत असेल, तर एमआरआय न करताही पुढचे उपचार ठरतात. अशा वेळी डॉक्टर बहुधा सीटी स्कॅन सांगतात.

बोटे गार, निळी किंवा बधिर पडली, कातडी ताणून चकाकू लागली, दुखणे असह्य वाढत गेले किंवा जखम उघडी असली, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. तिथे तास वाया घालवणे म्हणजे पाय धोक्यात घालणे.

खर्च आणि तयारी

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचे नियम वेगळे असतात, तिथे दर आधी विचारा. एमआरआयची तारीख लांबची मिळाली, तर “तोवर पायावर वजन द्यायचे की नाही?” हे केसपेपरवर लिहून घ्या. सगळ्या जुन्या एक्स-रे फिल्म सोबत न्या.

एमआरआयचे यंत्र म्हणजे मोठे लोहचुंबक असते. पेसमेकर, शरीरातील सळ्या किंवा स्क्रू आणि गरोदरपण याबद्दल आधीच सांगा. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचे काम करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही सांगा. दागिने, पिना, मोबाइल बाहेर ठेवा. आवाज मोठा येतो, पण दुखत नाही.

कामावरचे चार-सहा आठवडे बुडणे जड जाते, हे खरे. पण तुटलेल्या अस्थिबंधावर चालत राहिल्यास कमान खचते, सांधा झिजतो आणि मग ओझे उचलण्याचे, उभे राहण्याचे कामच सुटते. म्हणून एक्स-रेचा कागद ‘नॉर्मल’ म्हणत असला आणि पाऊल ‘नाही’ म्हणत असले, तर पावलाचे ऐका आणि पुन्हा दाखवा.