दारू सोडायची आहे, पण जायचे कुठे?



आदिवासी गावांतील कामासाठी आपण देणग्या पाठवता आणि नियमित प्रार्थना करता. त्या गावांत गेल्यावर मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न शाळेचा किंवा शेतीचा नसतो. एखादी बाई बाजूला घेऊन हळू आवाजात विचारते, "सिस्टर, यांची दारू सुटंल का? कुठं न्यावं?" मी ३० वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर नागपूरहून गडचिरोलीकडे माझे जाणे-येणे असते. या तिमाहीच्या अभ्यासासाठी मी हाच प्रश्न घेतला आहे. महिला मंडळात, तरुण संघात किंवा घरच्या उपासनेनंतर हा लेख एकत्र वाचावा अशी विनंती आहे.

उपचार मिळतो किती जणांना?

केंद्र शासनाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांमागे फक्त एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार घेतलेला माणूस तर १८० मध्ये एक. हा सगळ्या देशाचा आकडा आहे. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावात राहणाऱ्याची वाट त्याहून अवघड असते. नागपूर ते गडचिरोली सुमारे १७५ किलोमीटर. भामरागड तिथून पुढे आणखी दीडशेच्या वर. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ताच बंद. शिवाय दवाखान्यात जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते.

दुसरी अडचण शरमेची. लहान गावात कोण कोणत्या गाडीत बसला हे सर्वांना कळते. "अमका दारूच्या डॉक्टरकडे गेला" ही बातमी तो परत येण्याआधी गावभर झालेली असते.

पहिला आठवडा डॉक्टरचा

या अभ्यासातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला "आजपासून थेंबही नाही" अशी शपथ घालून घरी बसवू नका. हेतू चांगला असला तरी त्यात जिवाला धोका असतो.

वर्षानुवर्षे दारू घेणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती एकदम बंद झाली की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो, वेळ-जागा कळेनाशी होते. गावात याला "अंगात आलं" किंवा "बाहेरचं लागलं" म्हणतात आणि पुजाऱ्याला बोलावतात. आपल्यापैकी कोणी रात्रभर प्रार्थनेला बसतात. प्रार्थना जरूर करा, पण गाडीत बसून दवाखान्याच्या वाटेवर करा. यावर औषध आहे. योग्य गोळ्या देऊन हळूहळू कमी केल्या, तर बहुतेक माणसे आठवडाभरात यातून सुखरूप बाहेर येतात.

म्हणून आधी तीन प्रश्न विचारा. सकाळी उठल्याबरोबर दारू लागते का? नाही मिळाली तर हात थरथरतात का? पूर्वी सोडताना कधी फेफरे किंवा भ्रम झाला होता का? एकाचेही उत्तर "हो" असेल, तर दारू बंद करायचा दिवस डॉक्टरला ठरवू द्या.

"एक सलाईन लावून घेतो" हा उपचार नव्हे, हेही सांगते. दारूमुळे शरीरातील बी-१ जीवनसत्त्व संपलेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. दवाखान्यात गेल्यावर "रोज दारू घेतो" हे डॉक्टरला स्पष्ट सांगावे. ते लपवल्यामुळे चुकीचा उपचार होतो.

मग जायचे कुठे?

गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीमुळे १९९३ पासून दारूबंदी आहे. तरी मोहाची दारू गावोगाव निघते, हे आपण जाणतो. २०१६ मध्ये तिथे "मुक्तिपथ" अभियान सुरू झाले. डॉ. अभय बंग यांची "सर्च" संस्था, महाराष्ट्र शासन आणि टाटा ट्रस्ट यांचा तो एकत्रित प्रयत्न. त्याची मांडणी आपल्याला शिकण्यासारखी आहे. रुग्णाने मोठ्या शहरात यावे अशी वाट न पाहता उपचार तालुक्याच्या ठिकाणी नेला, गावात शिबिरे घेतली आणि त्याच वेळी गाव संघटना उभ्या केल्या. चौकशी आशाताईकडे करावी. तिला नसेल ठाऊक तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून सांगते.

इतरत्र जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. नागपूरला मेडिकल, मेयो, मिहानमधील एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय ही सरकारी ठिकाणे आहेत. "मनोरुग्णालय" हे नाव ऐकून घाबरू नका. व्यसन हा आजार आहे आणि त्याचा डॉक्टर तिथे बसतो, इतकाच त्याचा अर्थ.

दोन फोन क्रमांक उपासनालयाच्या फलकावर लिहून ठेवा. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक. १४४१६ हा टेली-मानसचा. त्यावर मराठीत बोलता येते. दोन्ही मोफत आहेत. गांजा किंवा नशेच्या गोळ्यांसाठीही तिथे विचारता येते.

दोन गोष्टींपासून सावध

एका गावात एका बाईने मला विचारले, "चहात टाकाच्या गोळ्या भेटतात म्हणे, आणून देता का?" भिंतीवर अशा जाहिराती असतात: नकळत दारू सोडवा. त्या गोळ्या-पुड्यांत काय असते ते बहुधा लिहिलेले नसते. दारूवर उलट परिणाम करणारे एक खरे औषध आहे, पण ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात. न कळवता दिले आणि तो वरून दारू प्यायला, तर रक्तदाब एकदम खाली येऊन प्राण जाऊ शकतो. मी त्या बाईला गोळ्या दिल्या नाहीत. नवऱ्याला घेऊन तालुक्याला कोणत्या दिवशी जायचे, ते तिच्यासोबत बसून ठरवले.

दुसरे, खासगी केंद्रात पैसे भरण्याआधी चौकशी करा. नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतो का? घरच्यांना भेटू देतात का? मारहाण करतात, बांधून ठेवतात असे कानावर आले तर तिथे ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे, आणि व्यसनाचा रुग्णही त्या कायद्याखाली येतो.

त्यानंतरचे वर्ष गावाचे

औषधाने पहिला आठवडा निभावतो. त्यानंतर माणूस घरी येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागतात. लग्नसराई येते. जुने सोबती अंगणात येऊन बसतात. घसरण होते ती इथे. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून हेच दाखवून दिले आहे की भरती ही सुरुवात असते, पुढचा पाठपुरावा महत्त्वाचा, आणि घरच्या माणसांनाही आधार लागतो.

इथे लहान गाव कामाला येते. सर्वांना सर्व माहीत असते, ही गोष्ट जशी जाचाची तशी उपयोगाचीही. संध्याकाळी सहाला, पिण्याच्या वेळी, शेजारी त्याला सोबत नेऊ शकतो. पेसा कायद्याने १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दारूच्या विक्रीवर आणि वापरावर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला आहे. मात्र मोहफूल हे आदिवासी घराचे अन्न, मिळकत आणि देवाधर्माचाही भाग आहे. म्हणून बाहेरून जाऊन मोहाला नावे ठेवू नयेत. विक्रीची भट्टी बंद करायची की नाही, कशी करायची, ते गावातल्या बायांना आणि ग्रामसभेला ठरवू द्यावे. आपण मागे उभे राहावे.

आणि तो पुन्हा प्याला तर? मधुमेहाची साखर वाढली म्हणून आपण रुग्णाला पापी म्हणत नाही, पुन्हा डॉक्टरकडे नेतो. इथेही तसेच करावे.

मंडळी काय करू शकते?

मार्कच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्य आपल्या पायांनी येऊ शकत नव्हता. चौघांनी त्याला उचलले, आणि दार अडले तेव्हा छप्पर उघडले. दारूच्या आहारी गेलेला माणूसही बहुधा एकटा येऊ शकत नाही. म्हणून आपल्यासाठी चार साधी कामे सुचवते.

१. प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी यांसाठी वेगळा छोटा निधी ठेवावा. उपचार सरकारी ठिकाणी कमी खर्चात होतो, पण तिथवर पोहोचायला पैसे लागतात.

२. आठवड्यातून एका संध्याकाळी मंडळीची खोली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेसाठी द्यावी. कोण येते हे बाहेर बोलू नये.

३. प्रभुभोजनात आंबवलेला द्राक्षारस असेल, तर पाळकांशी बोलून साधा द्राक्षरस ठेवावा. सोडलेल्या माणसाला एक घोटही महाग पडू शकतो.

४. प्रार्थनेच्या विनंतीत नाव घेऊ नये. "एक कुटुंब" म्हटले तरी देवाला कळते.

चर्चेसाठी प्रश्न

• आपल्या वस्तीत दारू सोडू पाहणाऱ्याला आज रात्री मदत लागली, तर सर्वांत जवळचा दवाखाना कोणता आणि तिथे गाडी कोण नेईल?

• व्यसनी माणसाच्या पत्नीला आपल्या महिला मंडळात मोकळेपणे बोलता येते का? नसेल तर का?

• आपल्या लग्नांत आणि सणांत, सोडलेल्या माणसाला आग्रह होतो का? तो कोण थांबवेल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजच कागदावर लिहा: दवाखान्याचे नाव, गाडीवाल्याचा फोन, सोबत जाणाऱ्या दोघांची नावे. तो कागद आपल्या सचिवांकडे द्या. एवढे झाले तरी या तिमाहीचा अभ्यास सार्थकी लागला असे मी समजेन.