पाणी केव्हा ओतू नये?

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. आत मिथाइल आयसोसायनेट होते. पाण्याशी संयोग होऊन ते तापले, उकळले आणि सुमारे ४० टन विषारी वायू शहरावर पसरला. हजारो माणसे गेली. नाकातोंडावर ओले फडके धरावे, एवढेही आधी कुणी वस्तीला सांगितले नव्हते. तेच पाणी टाकीत मारक, फडक्यावर तारक!

प्रयोगशाळेत आम्ही बजावतो, आम्ल (आपल्या ग्वाल्हेरीत तेजाब) पाण्यात सोडा, पाणी आम्लात नको. मालनपूरकडे जाणाऱ्या रासायनिक टँकरच्या पाटीवर एक संकेत असतो. त्याचा पहिला आकडा ४ असेल तर पाणी वर्ज्य. पालकांनीही तो मुलांबरोबर पाहावा. रसायन सांडलेले दिसले तर मुलांनो, बादली घेऊन धावू नका, व्हिडिओ काढत थांबू नका. वारा जिकडून येतो त्या बाजूला, सांडलेल्या जागेला वळसा घालून, लांब जा आणि ११२ ला कळवा. दुरून वाचता आला तर पाटीवरचा क्रमांकही सांगा.

अंगावर आम्ल उडाले तर मात्र कपडे काढून वाहत्या नळाखाली निदान वीस मिनिटे धरा. तिथे पाणी कमी पडू देऊ नका.