वाघाच्या डोक्याजवळचं पान

एखादा अजब वन्यजीव फोटो खरा की खोटा, असा वाद पेटला की सगळ्यांचे डोळे त्या प्राण्यावर खिळतात. डोळ्यांतली चमक बघा, मिश्या बघा, पंजा बघा! माझा अनुभव नेमका उलट सांगतो. खोटा फोटो बनवणारा आपली सगळी हुशारी प्राण्यावर खर्च करतो, म्हणून प्राण्याकडे टक लावून खोटेपणा सहसा सापडत नाही. तो सापडतो आजूबाजूला. शेजारच्या पानाच्या मापात, आधीच्या आणि नंतरच्या फोटोत, त्या जागेच्या माहितीत. गाजलेली प्रकरणं एकेक करून तपासली की हे ठळक दिसतं, आणि ज्यांच्या मोबाइलवर असे फोटो रोज येऊन आदळतात त्यांनी ते समजून घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं.

चीनच्या शान्शी प्रांतातलं 2007 सालचं प्रकरण घ्या. झोउ झेंगलाँग या शेतकऱ्यानं सांगितलं की, 3 ऑक्टोबरला त्यानं डोंगरात दक्षिण चिनी वाघाचे फोटो काढले. या वाघाचा जंगलातला ठोस पुरावा कित्येक वर्षांत कुणाच्या हाती लागला नव्हता. तरीही नऊच दिवसांत प्रांताच्या वनखात्यानं पत्रकारांना बोलावून फोटो खरे असल्याचं जाहीर केलं आणि झोउला 20,000 युआनचं बक्षीसही दिलं. फोटोतला वाघ अगदी झोकात बसलेला होता. खटकलं ते त्याच्या डोक्याजवळचं पान. फू देझी हे वाघांचे तज्ज्ञ नव्हते, वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्या भागातल्या झाडाझुडपांची पानं केवढी असतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या मापानं वाघाचं डोकं मोजायला गेलं तर वाघ फारच चिमुकला ठरत होता. दुसरी गोष्ट फोटोंच्या संख्येची. सत्तरएक फोटो होते, पण वाघाची मान वळली नव्हती की कान हलला नव्हता. जिवंत जनावर जरा कुशीवर झुकलं तरी अंगावरचे पट्टे कुठे दाटतात, कुठे फाकतात. इथे सगळं जसंच्या तसं. पुढे नोव्हेंबरमध्ये भिंतीवर लावायचं नववर्षाचं एक छापील चित्र उजेडात आलं. वाघ तोच, पट्टे तेच. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. आपल्याकडची कॅमेरा ट्रॅपवरची व्याघ्रगणनाही याच भरवशावर चालते. त्यामुळे पट्टे योगायोगानं जुळले, असं म्हणायला जागाच उरली नाही. जून 2008 मध्ये पोलिसांनी जाहीर केलं की, वाघ चित्रातून कापून झुडपात उभा केला होता आणि बर्फात ठसे उमटवायला लाकडी पंजाही कोरून घेतला होता. झोउला शिक्षा झाली, 13 अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. मला यातलं सर्वांत गंभीर वाटतं ते हे की, तपासणारे आणि त्या वाघाची मनापासून वाट पाहणारे लोक एकच होते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: एवढा खटाटोप कशाला, कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवा, निकाल लागेल. मूळ फाइल जरूर मागवावी. पण तिच्यावरून एवढंच कळतं की फोटोत नंतर फेरफार झालेला नाही. कॅमेऱ्यासमोर जे होतं ते जिवंत होतं की नाही, हे ती सांगत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत 2017 साली ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातला रात्रीचा एक फोटो आपल्या गटात जिंकला होता. चमकणाऱ्या अळ्यांनी उजळलेलं वारूळ आणि त्याकडे निघालेला मुंगीखाऊ. पुढे तक्रार आली की हा मुंगीखाऊ उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळच्या माहिती केंद्रातला, पेंढा भरलेला आहे. पाच तज्ज्ञांनी दोन्हींच्या अंगावरची खूण न् खूण आणि केसांचे झुपके ताडून पाहिले आणि प्राणी एकच असल्याचं मत दिलं. छायाचित्रकारानं आरोप फेटाळला, आधीच्या-नंतरच्या मूळ फाइलीही दिल्या. पण त्यांतल्या एकाही फोटोत मुंगीखाऊ नव्हता. एप्रिल 2018 मध्ये बक्षीस काढून घेतलं गेलं. याच स्पर्धेचा 2009 सालचा विजेता फोटो होता फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा. तोही बाद झाला, कारण तो लांडगा माणसाळलेला असावा असं परीक्षकांचं मत पडलं. तिथेही छायाचित्रकारानं इन्कार केला होता. पण रानटी लांडगा उडी मारण्याऐवजी फाटकाच्या फटीतून निसटला असता, हा जाणकारांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

याचा अर्थ विचित्र दिसेल ते सगळं खोटं, असाही नाही. तो आळस तर भाबडेपणाइतकाच वाईट. मार्च 2015 मध्ये पूर्व लंडनच्या एका उद्यानात हिरव्या सुतार पक्ष्याच्या पाठीवर बसून उडणाऱ्या वीझलचा फोटो आला, तेव्हा अनेकांनी त्याला वेड्यात काढलं. पण हा सुतार मुंग्या टिपायला जमिनीवर उतरतो, वीझल हा चिमुकला शिकारी झडप घालून पाठ धरतो आणि तो पक्ष्याहून हलका असतो. एवढं माहीत असलं की तो फोटो म्हणजे जगायची धडपड, हे उलगडतं. ओडिशातल्या सिमिलिपालच्या काळपट वाघांचंही तसंच. 2021 साली बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटानं दाखवून दिलं की, टॅकपेप नावाच्या जनुकातल्या बदलामुळे त्यांचे पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळतात, आणि तिथले वाघ थोडे व इतरांपासून तुटलेले असल्यामुळे हा बदल तिथे वाढला आहे. जे विचित्र खरं असतं त्यामागे अशी कारणं सापडतात.

कुणी म्हणेल, एवढ्या उलटतपासणीनं प्रामाणिक छायाचित्रकार दुखावतो. प्रश्न माणसाला न विचारता फोटोला विचारले तर तो दुखावणार नाही. उलट, ज्यानं तासन् तास थांबून फोटो मिळवला तो आगेमागचे चार फोटो हौसेनं दाखवेल. कुणी म्हणेल, आता एआय अशी अख्खी मालिकासुद्धा बनवून देईल. देईल. पण एआय बांधावरच्या चिखलात ठसा उमटवू शकत नाही, झाडाच्या सालीवर ओरखडा काढू शकत नाही. म्हणून जागेवर जाऊन पाहण्याचं मोल उलट वाढलं आहे. झोउसारखा एखादा लाकडी पंजा कोरेलही, पण चालत्या बिबट्याचा माग वठवणं सोपं नाही. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो, पावलांमधलं अंतर चालीप्रमाणे बदलतं.

आपल्याकडे या सगळ्याची खरी गरज बिबट्याच्या फोटोंना आहे. ‘आपल्या सोसायटीत शिरला’ म्हणून फिरणारा फोटो खोटा असला तर वनरक्षक रात्रभर नको तिथे धावतात, आणि जिथे उसात खरोखर मादी पिलांसह असते तिथे पोचायला उशीर होतो. भेदरलेला जमाव काठ्या घेऊन निघतो तो वेगळाच. म्हणून असा फोटो आला की आधी पाठवणाऱ्याला विचारा: तू स्वतः काढलास का, कुठे, किती वाजता, आणखी फोटो आहेत का? फोटोतली भिंत, कुंपण, दिव्याचा खांब आपल्या भागातला आहे का, ते पाहा. उत्तरं मिळाली नाहीत तर फोटो पुढे पाठवू नका. मिळाली तर गटावर टाकण्याआधी वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. ठसा दिसला तर तो तुडवू नका. शेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवून बरोबर वरून फोटो घ्या, आणि पुढचे दोन-तीन ठसेही येतील असा आणखी एक काढा.