कर्नल आणि मुंगूस

मागच्या वर्षी प्रजासत्ताक दिनाचे संचलन आम्ही सर्व कॅडेटांनी हॉलमध्ये टीव्हीवर पाहिले. दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला त्यावर निबंध होता. निवेदनात ‘कर्नल’ हा शब्द अनेकदा ऐकला होता. मी तो ऐकू आला तसा लिहिला : के-ई-आर-एन-ई-एल. वही परत देताना सर म्हणाले, “अरे, तुझ्या संचलनात बदामाचा गर सलामी देत होता का?” सगळा वर्ग हसला. त्या स्पेलिंगच्या शब्दाचा अर्थ बीच्या आतला गर!

मी गावच्या मराठी शाळेतून इथे आलेला. आधीच इंग्रजी बोलताना घाबरायचो, त्यात ही फजिती. संध्याकाळी वाचनालयात जाऊन मोठा शब्दकोश उघडला. ‘कर्नल’चे मूळ इटालियन ‘कोलोनेलो’, म्हणजे सैनिकांच्या रांगेचा, ‘कॉलम’चा प्रमुख. फ्रेंचांनी त्यातल्या ‘ल’चा ‘र’ केला. इंग्रजीने स्पेलिंग ‘ल’चे ठेवले आणि उच्चार ‘र’चा. हे समजल्यावर ते स्पेलिंग पुन्हा कधी चुकले नाही.

तेव्हापासून टीव्ही पाहताना वही जवळ असते. तिचे चार रकाने : शब्द, स्पेलिंग, अर्थ, उगम. ‘लेफ्टनंट’ फ्रेंचमधून आला. ‘ल्यू’ म्हणजे जागा आणि ‘तनाँ’ म्हणजे धरणारा. वरिष्ठाच्या जागी काम पाहणारा तो लेफ्टनंट. ‘कॅडेट’ म्हणजे मुळात घरातला धाकटा मुलगा. फ्रान्समधल्या सरदार घराण्यांतले धाकटे मुलगे सैन्यात जात, त्यावरून हा शब्द आला. मीही घरात धाकटाच!

एकदा प्राण्यांच्या कार्यक्रमात ‘मंगूस’ आला. त्याचे अनेकवचन काय, यावर वाद झाला. ‘गूस’चे ‘गीस’, तर ‘मंगूस’चे ‘मंगीस’, असे मित्र म्हणाला. शब्दकोशात पाहिले तर ‘मंगूसेस’. या शब्दाचा बदकासारख्या ‘गूस’शी काहीच संबंध नाही, इंग्रजांनी तो मराठीतल्या ‘मुंगूस’वरून घेतला. केरळ, बिहार, पंजाबच्या मित्रांना हे सांगताना माझी छाती फुगली. ज्या भाषेला मी घाबरत होतो, तिच्यात माझ्या घरचा शब्द होता.

मात्र ऐकलेली प्रत्येक गोष्ट खरी मानू नका. ‘न्यूज’ हा शब्द चार दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून झाला, असे खूपजण सांगतात. ते खोटे आहे. नवीन या अर्थाच्या ‘न्यू’वरून तो झाला. म्हणून शेवटचा शब्द शब्दकोशाचा.

‘इन्फंट्री’ म्हणजे पायदळ. त्याचे मूळ लॅटिन ‘इन्फन्स’, म्हणजे न बोलणारे मूल. पहिल्या वर्षी वर्गात मी तसाच होतो. यंदा सरांनी विचारले, “कर्नलचे स्पेलिंग कोण सांगेल?” सर्वांत आधी माझा हात वर गेला.